पिंजऱ्यातलं भजं

"उंदीर नाहीत म्हणजे नाहीत, मॅडम!"

हॉटेलवाल्या अण्णांनी पुन्हा तेच तुणतुणं सुरू केलं, तशी आरोग्य निरीक्षक ढमढेरे मॅडमच्या मस्तकात तिडीक गेली. दर खेपेला हेच! मागच्या वेळी म्हणे, उंदरांसाठी मांजर पाळलंय. ते मांजर मैद्याच्या पोत्यावर पसरलेलं होतं.

अण्णांनी भट्टीमागून उंदराचा पिंजरा ओढून काढला. त्याच्या आकड्याला कांदाभजं अडकवलं होतं.

"हा घ्या पुरावा. काल रात्री लावलंय, अजून जसंच्या तसं आहे. ह्या भज्यासाठी माणसं वाट वाकडी करून येतात. उंदीर असता तर सोडलं असतं का त्यानं?"

मॅडमनी वाकून टॉर्च मारला. पिंजऱ्याभोवती लेंड्याच लेंड्या, अगदी आतसुद्धा. शेजारचं बेसनाचं पोतं कुरतडलेलं, मोरीतला साबण अर्धा फस्त. भज्याला मात्र दात लागला नव्हता.

अण्णांचा चेहरा पडला. "साबण खाल्ला?"

"खाल्ला."

"आणि भजं...?"

मॅडमनी नोटीस लिहायला घेतली. साफसफाई होईपर्यंत हॉटेल बंद. आता हे हातापाया पडणार, नाहीतर कुणा नगरसेवकाला फोन लावणार, हे त्यांना पाठ होतं. पण अण्णांनी सहीसाठी मुकाट्यानं पेन घेतलं आणि ते तसेच थांबले.

"मॅडम, उंदीर आहेत असं लिहा. पाहिजे तर घुशीही लिहा. फक्त भजं खाल्लं नाही, तेवढं लिहू नका."