ऑफिसवाल्यांइतकेच ठीक

"दाब ना गं बटण एकदाचं," धनेश म्हणाला.

उत्कर्षाचं बोट बटणाशीच अडलं होतं. बटण दाबलं की टी-टेस्टचं, म्हणजे दोन गटांच्या तुलनेचं, उत्तर येणार होतं, आणि तिला भीती होती ती नवऱ्याच्या रक्ताची.

चाकणच्या त्या बॅटरी कारखान्यात धनेश शिसं ओतायच्या भट्टीवर होता. दिवाळीपासून त्याचं पोट दुखत होतं, हातातला पाना निसटत होता. भट्टीवरच्या इतरांचीही हळूहळू तीच रड सुरू झाली, तेव्हा कंपनीने भट्टीवाल्यांचं आणि ऑफिसवाल्यांचं रक्त तपासायला पाठवलं. दोन गटांची तुलना करायचं काम क्वालिटी खात्यातल्या उत्कर्षाकडे आलं. ऑफिसच्या गटात एक माणूस कमी पडला, म्हणून तिने स्वतःचंच रक्त दिलं. तिला सातवा महिना लागला होता, सुयांची आता सवयच झाली होती.

"सर, दोन्ही गट स्वतंत्र हवेत. एकाचा दुसऱ्याशी संबंध नको," तिने मॅनेजर शेखर सरांना बजावलं होतं.

"अहो मॅडम, ऑफिसचा शिशाशी काय संबंध? तुम्ही तर एसीत बसता!"

तेही खरंच होतं. टेबलावरची रोजची राखाडी धूळ ओढणीने पुसून ती कामाला लागली होती.

लॅबची फाइल तिने न उघडताच कॉम्प्युटरला जोडली. एकेक आकडा बघायची छातीच होईना. धोक्याच्या रेषेच्या वर गेलेली सरासरी लाल दिसावी, एवढी सोय मात्र तिने करून ठेवली होती.

आता तिने स्क्रीनचा वरचा, सरासऱ्यांचा भाग तळहाताने झाकला. दहावीचा निकालही तिने असाच पाहिला होता. तिला खालच्या दोनच ओळी हव्या होत्या: गटांच्या सरासरीत फरक आहे का, आणि असला तर किती मोठा. मोठा निघाला, तर धनेशच्या अंगात शिसं मुरलेलं. पुढचा विचार तिला करवेना. तिने डोळे मिटून बटण दाबलं.

मग एक डोळा उघडला.

फरक दखल घेण्याजोगा नाही. इफेक्ट साइझ, म्हणजे फरकाचा आकार, जवळजवळ शून्य.

"अहो!" ती ओरडलीच. "काही फरक नाही! भट्टीवाल्यांचं रक्त आमच्यासारखंच आहे!"

धनेश मटकन खुर्चीत बसला. "म्हंजे मी ठीक हाय?"

"ऑफिसवाल्यांइतकेच ठीक!"

"आईला फोन करतो. जेवण सोडलं होतं गं तिनं."

उत्कर्षाला हसू आणि रडू एकदमच फुटलं. इतक्या दिवसांचा जिवाला लागलेला घोर मिटला होता. तिने स्क्रीनवरचा हात काढला आणि पोटावर ठेवला.

वरच्या दोन्ही सरासऱ्या लाल होत्या.