कापलेलं गाणं

"आज तरी गाणं ठेव गं, लिओटा," एनॉसकाका जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले.

लिओटाच्या हातात कात्री होती. दर शनिवारी सकाळी थिएटरच्या मशीनच्या खोलीत तिचं हेच काम. काउबॉय हीरो गिटार घेऊन बसला, की पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारत, पडद्यावर शेंगा फेकत. त्यांना बंदुका हव्या असत. म्हणून मालकांच्या हुकमानं ती रिळातनं गाणं कापून काढी, आणि रविवारी रीळ परत पाठवण्याआधी गुपचूप चिकटवून टाकी. टेक्सासमधल्या त्या धुळकट गावानं अख्खं गाणं कधी पाहिलंच नव्हतं.

"पोरं खुर्च्या मोडतील, काका."

काका तिच्या ओठांकडं बघत राहिले. "उद्या मुलगी मला कॅलिफोर्नियाला नेतेय. मग कुठला हा पिक्चर बघायला मिळायला!"

आठवडाभर ते थिएटरबाहेरच्या फोटोसमोर उभे असत. शेकोटी, गिटारवाला हीरो, त्याच्या खांद्यावर टेकलेली हिरॉइन, मागं झाड, घोडी. काचेवरची धूळ ते बाहीनं पुसत, अगदी कोपऱ्यापासून. पोरं मागनं ओरडत, "म्हातारा हिरॉइनवर भाळला रे!" काका वळूनही बघत नसत.

लिओटा विधवा होती. पडद्यावरच्या एखाद्या चेहऱ्यात आपलं माणूस दिसलं की काय होतं, ते तिला ठाऊक होतं. तिनं कात्री खाली ठेवली.

दुपारी गाणं सुरू झालं आणि एकच गिल्ला उठला. मालक खोलीचं दार बडवायला लागले.

"लिओटा! बंद कर ते रडगाणं! नोकरी नकोय का?"

"दार अडकलंय, साहेब!" कडी लावता लावता ती ओरडली.

झरोक्यातनं तिला काका दिसले. त्या गोंधळात, पहिल्या रांगेत, टोपी छातीशी धरून एकटक बघत होते.

खेळ संपल्यावर ती धावत खाली आली. "काका, कसं होतं गाणं?"

काका तसेच बसलेले. तिनं समोर येऊन पुन्हा विचारलं.

"गाणं?" काकांनी कानाला हात लावला. "पाच वर्षं झाली, यातनं काही ऐकू येत नाही. मागं झाडाला बांधलेली पाहिलीस? ती माझी घोडी. पळताना दाखवतात ती दुसरीच. हिचा पाय अधू, म्हणून नुसती गाण्यापुरती उभी करतात. दुष्काळात विकली, तेव्हा तिच्या फासळ्या मोजता येत होत्या." त्यांनी डोळे पुसले. "आज मोजायला गेलो, पोरी. एकही दिसली नाही."