दोन टोकं नसलेला तारा

उम्म हैसमने, म्हणजे हैसमच्या आईने, प्लास्टिकची पिशवी मेजावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही.

"काढ हात," तिचा नवरा अबू हैसम म्हणाला. "उस्तादना बघू दे."

उस्ताद मुनीर यांनी चष्मा बदलला. लेबनॉनच्या उत्तरेत कुठेही फावड्याला जुनं नाणं लागलं की लोक ते ओळखायला त्राबुलुस शहराच्या बाजारातल्या त्यांच्या दुकानात आणत. पिशवीतलं हे नाणं मातीतून आलं नव्हतं. बुडालेल्या एका तरुणाच्या शर्टाच्या कॉलरमध्ये ते शिवलेलं सापडलं होतं. सायप्रसला निघालेली होडी उलटून बावीस दिवस झाले होते.

"चेहरा राहिलेला नाही," अबू हैसम म्हणाला. "उंची आमच्या हैसमएवढीच. शर्ट निळा. इस्पितळवाले म्हणतात, तपासणीचं सामान संपलंय. ज्याला नाव नाही त्याला आज दुपारी सगळ्यांबरोबर एकाच खड्ड्यात ठेवणार."

"निळा शर्ट माझ्या रियादचाही होता," दारातली बाई म्हणाली.

ती बद्रिया, मीना बंदरावर मासे विकणारी. तिचा मुलगाही त्याच होडीत होता; इस्पितळाच्या पायरीवर रोज शेजारी बसून तिची आणि उम्म हैसमची ओळख झाली होती. उस्तादांनी तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. ती उभीच राहिली.

उस्तादांनी नाणं खिडकीपाशी नेलं. नखाएवढं, पातळ, खाऱ्या पाण्याने काळं पडलेलं.

"कुणाचं आहे?" उम्म हैसमने विचारलं.

"बोहेमंडचं. फिरंग्यांचा इथला सरदार. आठशे वर्षांपूर्वी क्रूस घेऊन समुद्रापलीकडून आले आणि आपल्याच गावात टाकसाळ घातली त्यांनी. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला आठ टोकांचा तारा. भोवती गावाचं नाव."

"हे हैसमने सांगितलंय मला. तुमच्याकडूनच ऐकून आला होता. असली किती पाडली असतील त्यांनी?"

"हजारो."

"मग कुणाकडेही असू शकतं."

"असू शकतं."

तिने पहिल्यांदाच नवऱ्याकडे मान वळवून पाहिलं. अबू हैसमची नजर जमिनीवरच होती.

"उस्ताद," तो म्हणाला, "तुम्ही प्रत्येक नाण्याचा ठसा वहीत उमटवून ठेवता. हैसमच्या नाण्याचाही असेल. काढा ती वही."

"वही कशाला हवी?" उम्म हैसम म्हणाली. "सांगितलं ना त्यांनी, हजारो आहेत."

"मला खड्ड्यावर उभं राहून नुसता अंदाज करायचा नाहीये, समीरा. मला एक थडगं हवंय."

"आणि मला मुलगा हवाय."

उस्तादांनी वही काढली. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर पेन्सिल घासून उठवलेला ठसा होता. खाली लिहिलेलं: हैसम दन्नावी, आजोबांच्या संत्र्याच्या बागेत सापडलेलं. शेजारी वजन.

त्यांनी आधी नाणं तोललं. भिंग लावणं तेवढंच लांबावं म्हणून मुद्दामच आधी तोललं.

"कमी भरतंय," ते म्हणाले.

"बघा," उम्म हैसम म्हणाली. तिचा चेहरा एकदम तरुण झाला. "कमी भरतंय. म्हणजे ते हे नव्हेच."

"खाऱ्या पाण्यात झिजतं, बाई."

"एवढं?"

"एवढं झिजतं."

मग त्यांनी भिंग घेतलं. ती नाणी हातोड्याने पाडलेली. प्रत्येक घाव वेगळा, म्हणून एक नाणं दुसऱ्यासारखं नसतं. ठशातल्या ताऱ्यावर घाव तिरका बसला होता आणि त्याची डावीकडची दोन टोकं काठाबाहेर गेली होती. हातातल्या नाण्यावरही तीच दोन टोकं नव्हती. काठाला एक बारीक चीर होती, ती गावाच्या नावातल्या तिसऱ्या अक्षरापर्यंत जात होती. वहीतली चीरही तिथंच थांबत होती.

भिंग त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळ डोळ्याला लावून ठेवलं. नाही म्हणणं सोपं होतं. वजनाचं निमित्त होतंच. नाही म्हटलं तर ही बाई घरी जाऊन पोराचं अंथरूण घालील, उद्याही घालील. आणि पोरगा दुपारी आकडा होऊन मातीत जाईल. त्यांनी मान वर केली. बद्रिया नाण्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती.

"त्याचंच आहे," उस्ताद म्हणाले.

"परत बघा," उम्म हैसम म्हणाली.

त्यांनी परत पाहिलं. "त्याचंच आहे."

"तुमचे डोळे थकलेत आता."

"थकलेत."

"मग कशावरून सांगता?"

उस्तादांनी वही आणि नाणं तिच्यापुढे सरकवलं, भिंग दिलं. तिने भिंग हातात घेतलं नाही.

"विकायला आणलं होतं त्याने," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, फार काही मिळणार नाही, गावाचं नाव आहे यावर, जवळ ठेव."

"म्हणालो होतो."

"ठेवलं त्याने."

अबू हैसम उठून बाहेर गेला. फोनवरचा त्याचा आवाज आत येत होता. तो इस्पितळवाल्यांना नाव सांगत होता. मग वडलांचं नाव. मग जन्मसाल, ते त्याला दोनदा सांगावं लागलं.

बद्रिया आत आली. तिने उम्म हैसमचा खांद्यावरून घसरलेला रुमाल नीट केला, आईने लेकीचा करावा तसा.

"म्हणजे तो माझा नाही," ती म्हणाली.

"नाही."

"ऊठ. त्याला आंघोळ घालायची असेल. उशीर करू नकोस."

उम्म हैसम उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली. "आणि तू?"

"मी जाते परत पायरीवर," बद्रिया म्हणाली. "उद्यापासून एकटीच बसेन."