भरली मोट

"मोट बंद व्हायची न्हाई म्हंजे न्हाई. तुमच्या बुवाला सांगा थांबाया."

मुंजाजी बैलांचा कासरा धरून विहिरीवर उभा होता. खाली आप्पाराव हात जोडायलेत. वालूरात पयल्यांदाच शास्त्रीय गाण्याचा जलसा भरवलेला त्यांनी, अन् मांडव नेमका विहिरीला खेटून. हैदराबादहून आलेले म्हातारे बुवा तंबोरा लावून बसलेले, अन् इकडं मोटेचं चाक किंचाळायलंय.

मुंजाजीचंबी खोटं न्हवतं. विहीर दोघा चुलतभावांची. दुपारपस्तोर पाणी मुंजाजीचं, मंग सटवाजीचं. गहू वंबीत आलेला, निम्मा अजून कोरडा. आज भिजला न्हाई तर दाणा भरायचा न्हाई.

"सटवाजी मला एक मोट जास्तीची वढू दिल का? वाटणीपासून बोलत न्हाई त्यो."

आप्पाराव पाय आपटत गेले. मुंजाजीनं मोटेच्या जाड नाड्यावर बसून बैल उतारावर हाकले. मोट भरून वर यायला लागली, तेवढ्यात बुवांनी सूर लावला.

एकच सूर. शब्द न्हाई, काई न्हाई. हलंच ना त्यो. मांडवातली माणसं पान चघळायची थांबली.

बैल उतारावर पाय रोवून उभे. मंग मुंजाजीनं जे केलं ते कोण्या शेतकऱ्यानं केलं नसंल. बैल हळूहळू मागं सारले, अन् भरलेली मोट, चाक वाजू न देता, परत विहिरीत सोडली.

पाटाचं पाणी तुटलं तशी त्याची बायको बायनाबाई फावडं घेऊन भांडायलाच आली. मुंजाजीनं नुसतं बोट वर केलं. ती चिखलाच्या हातानं तिथंच बसली. जरा येळानं हळूच म्हणली, "ह्यो माणूस श्वास कवा घ्यायलाय?"

ऊन डोक्यावर आलं. सटवाजी ठरल्यापरमाणं आपली बैलजोडी घेऊन आला, अन् थबकला. बैलांच्या घुंगरमाळा वाजाया लागल्या तशा त्यानं दोन्ही मुठीत गच्च धरल्या. गाणं सरेपस्तोर सोडल्या न्हाईत.

गाणं सरलं. टाळी कुणीच वाजवली न्हाई. मुंजाजी उठला अन् आपले बैल सोडाया लागला.

सटवाजीनं कोरड्या गव्हाकडं बघितलं. भावाकडं न्हाई. त्यानं जोडी माघारी वळवली.

"ऱ्हाऊ दे जुपलेले," बैलालाच बोलल्यावानी म्हणला. "मला मानवतला जायचंय. निघाया पायजे आता."