वळ न उठणारी गाठ

त्याने कागद टेबलावर आपटला, तेव्हा डॉक्टरांच्या कानातला स्टेथोस्कोप अजून निघालाही नव्हता. तपासून घ्यायला आलेली बाई चपला हातात घेऊनच बाहेर पळाली.

“हे तुमचंच अक्षर ना?”

“माझंच. बस आधी.”

“बसायला नाही आलो मी!”

घरात त्याला तोफ म्हणत, ते काही उगाच नव्हतं. आईची फुप्फुसं दोन वर्षांपासून साथ सोडत चालली होती. आज सकाळी तिच्या औषधांच्या डब्यात तळाशी हा कागद त्याला सापडला. खाली आईची तुटक, शाळकरी सही. वर डॉक्टरांच्या अक्षरात तीन ओळी. ‘श्वासाच्या यंत्रावर ठेवू नका. शेवटपर्यंत घरीच राहू द्या. हात मोकळे असू द्या.’

“मी कामावर असताना घरात शिरता आणि आजारी बाईला मरणाचं विचारता? वीस वर्षं तुम्हाला घरातला माणूस समजलो. घरभेदी निघालात!”

“पुढे त्रास वाढला तर काय हवं, काय नको, एवढंच विचारलं,” डॉक्टर म्हणाले. “ती बोलू शकते आहे तोवर तिलाच विचारायचं. मग कुणाला विचारणार?”

“आणि ही तिसरी ओळ? हात मोकळे म्हणे! आम्ही काय तिला बांधून घालणार आहोत?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “ती ओळ तिने सगळ्यांत आधी सांगितली होती. मी शेवटी लिहिली, ते माझं चुकलं. का सांगितली, ते तिलाच विचार.”

तोफेने कागद खिशात कोंबला आणि दार आपटून तो बाहेर पडला. घरसामान हलवायचा त्याचा धंदा. ट्रकवर कुणाचं तरी नवं पॉलिश केलेलं कपाट बांधलेलं होतं. एवढ्या संतापातही त्याने सवयीने गाठ चाचपली. गाठ आईची होती. लहानपणी तिनेच शिकवली होती. कितीही हिसके बसोत, सुटायची नाही, आणि लाकडावर वळ म्हणून उठायचा नाही. बाकीचे सामानवाले त्या गाठीवरून त्याच्यावर जळत. आई ती कुठे शिकली, हे विचारायचं मात्र कधी कुणाला सुचलं नाही.

रस्ताभर तो डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला. पण खरी आग आईवरच होती. त्याला न विचारता ती निघायची तयारी करत होती, आणि हे त्याला सहन होत नव्हतं.

आई पलंगावर उशांना टेकून बसली होती. नाकाशी ऑक्सिजन लावलेला.

“तीस वर्षं आयसीयूत मावशी होतीस ना तू?” तो दारातूनच कडाडला. “आज अमका वाचला, आज तमकी घरी गेली, असं येऊन आम्हाला तूच सांगायचीस. लोकांची माणसं वाचली पाहिजेत, आणि माझी आई तेवढी नको?”

“वाचायचे... त्यांचं मी घरी सांगायचे,” आई श्वास घेत म्हणाली. “माझं दुखणं वाचण्यातलं नाही, राजा.”

“ते मी बघतो! वेळ आली की उचलून नेणार तुला. सगळी यंत्रं लावणार. तुझा तो कागद गेला चुलीत!”

आईचे ओठ घट्ट मिटले. तोफेचा दारूगोळा कुठून आला होता, ते त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“आवाज खाली. हात दे इकडे.”

तिला उठायचं असेल असं वाटून त्याने हात पुढे केला. आईने डब्यातून बँडेजची गुंडाळी काढली. तिची थरथरणारी बोटं पट्टी हातात येताच स्थिर झाली. दोन वेढे, एक पीळ, आणि त्याचं मनगट पलंगाच्या लोखंडी कठड्याला.

“हे काय चाललंय तुझं?”

“दुसरा दे.”

आईने मागितला की हात पुढे करायचा, ही सवय फार जुनी. त्याने दिला.

मग त्याने हिसका दिला. सुटेना. कपाटं उचलणाऱ्या दंडांचा सगळा जोर लावला, पलंग करकरला, गाठ जागची हलली नाही. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब येऊन थांबला. तो पुसता येईना.

“दुखतंय?” आईने विचारलं.

“नाही.”

“दुखायचं नाहीच. वळ उठले की नातेवाईक विचारायचे.” ती थांबली, दम खाल्ला. “यंत्रावरची माणसं घशातली नळी उपसायला बघतात, म्हणून हात बांधायचे. तीस वर्षं ते काम माझ्याकडे होतं.”

तोफ मनगटाकडे बघत राहिला. दोन वेढे, एक पीळ. खाली ट्रकवर कपाटाला होती, तीच गाठ.

“सोड ना, आई.”

“सगळे हेच म्हणायचे,” आई म्हणाली. “घशात नळी असायची, म्हणून डोळ्यांनी.”