जुनी चाल

मेट्रो जंक्शनचं फाटक माणूस चालीवरून ओळखून बाहेर सोडी. गुडघा बदललेल्या कुमुदिनीताईंना ते ओळखेना. बाहेर पुलापलीकडच्या कोर्टात मुलीचं लग्न आज अकराला होतं आणि साक्षीदार त्याच होत्या.

"मग नवी चाल नोंदवा!"

"कचेरी बाहेर आहे, मावशी. शिवाय महिना लागतो," रखवालदार म्हणाला. "पूर्वीसारखं लंगडून बघा."

त्या लंगडल्या. फाटक ढिम्म.

"हे नाटक झालं. दुखलं पाहिजे."

ताईंनी ओटीतली सुपारी चपलेत टाचेखाली सरकवली आणि कळवळत पाऊल टाकलं. फाटक उघडलं.

कोर्टाच्या पायरीवर नवरी रडवेली झाली. "आई, ऑपरेशन फसलं?"

"नाही गं. चपलेत सुपारी आहे. राहू दे, घराजवळच्या स्टेशनलाही चाल ओळखणारं फाटक आहे," म्हणत ताई लंगडतच सही करायला आत गेल्या.