काचा काळ्या होईपर्यंत

आई गेल्यापासून बाबा वृंदाचा व्हिडिओ कॉल गॅलरीतल्या उन्हातच घ्यायचे, तोही बऱ्याच रिंग वाजल्यावर.

"उन्हात तुमच्या चष्म्याच्या काचा काळ्या होतात, बाबा. डोळेच दिसत नाहीत," ती कुरकुरायची.

"ऊन खातोय गं. हाडांना बरं."

बाबांच्या तेराव्यानंतर कपाट आवरताना तो चष्मा हाती लागला आणि तिला रडू कोसळलं. तेवढ्यात वसतिगृहातून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. उद्यापासून तिची परीक्षा होती.

चष्मा चढवून वृंदा गॅलरीत धावली. काचा अजून नितळच होत्या. फोन वाजत राहिला, आणि बाबांना तो उचलायला उशीर का व्हायचा, ते तिला कळलं.

काचा काळ्या झाल्यावर तिने फोन उचलला.

"उन्हात काय करतेयस, आई?"

"ऊन खातेय गं. हाडांना बरं."